वाचक विचारतात: जुना एक्सपी, युनिक्सचा सर्व्हर आणि अडून बसलेला प्रिंटर

नेटवर्क छपाईचे बरेच प्रश्न साठले होते, ते या अंकात एकत्र घेतले आहेत. आज्ञा आणि फायलींची नावं उच्चाराप्रमाणे छापली आहेत. टाइप करताना ती छोट्या रोमन अक्षरांत करावीत. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

प्रश्न: आमच्या पतसंस्थेत व्याजाचे तक्ते काढणारं जुनं सॉफ्टवेअर फक्त विंडोज एक्सपीवर चालतं. लेसर प्रिंटर डेबियन लिनक्सच्या सर्व्हरला यूएसबीने जोडला आहे आणि सर्व्हरवरून छपाई व्यवस्थित होते. एक्सपीवर एलपीआर (नेटवर्कवरून छपाई पाठवण्याची युनिक्सची जुनी पद्धत) पोर्ट करून जॉब (छपाईचं काम) पाठवला की तो बराच वेळ 'प्रिंटिंग' दाखवतो आणि शेवटी 'एरर' येते. ड्रायव्हर काढून पुन्हा घातला, फरक नाही. (सांगली)

उत्तर: ड्रायव्हरला आता हात लावू नका. एरर येते म्हणजे जॉब सर्व्हरपर्यंत पोचतच नाही, आणि ड्रायव्हर चुकला असता तर कागदावर निदान कचरा तरी उमटला असता. चार गोष्टी याच क्रमाने तपासा: सर्व्हरचं दार उघडं आहे का, आत घेतात का, क्यूचं (सर्व्हरवरच्या छपाईच्या रांगेचं) नाव बरोबर आहे का, आणि मग डेटा कुठल्या भाषेत जातोय.

दार म्हणजे टीसीपी पोर्ट ५१५. एलपीआरने पाठवलेला जॉब घेणारा एलपीडी प्रोटोकॉल याच पोर्टवर बोलतो. १९९० सालच्या आरएफसी ११७९ या इंटरनेटच्या दस्तऐवजात त्याचं वर्णन आहे. गोम अशी की आजकालच्या लिनक्सवर छपाई बघणारं कप्स ५१५ वर ऐकतच नाही, ते ६३१ वर आयपीपी हा छपाईचा दुसरा प्रोटोकॉल बोलतं. जुन्या मंडळींसाठी कप्स-एलपीडी नावाचा छोटा दुभाष्या वेगळा चालू करावा लागतो, आणि तो बहुतेक ठिकाणी मुळात बंदच असतो. एक्सपीवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'टेलनेट', सर्व्हरचा आयपी पत्ता, ५१५ असं टाइप करा. जोडणी होत नाही असा संदेश आला तर तुमचा दोष इथेच आहे. पडदा कोरा होऊन कर्सर लुकलुकत राहिला तर दार उघडं आहे. जोडणी होऊन लगेच तुटली तर ऐकणारा आहे, पण एकतर तुमचा पत्ता नाकारला जातोय किंवा इनेटडी (जोडणी आली की योग्य सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) याच्या ओळीत कप्स-एलपीडीचा मार्ग चुकलाय.

डेबियनवर कप्स-बीएसडी हे पॅकेज घाला, सोबत इनेटडी लागेल. इनेटडी डॉट कॉन्फ या फायलीतली ओळ क्रमाने अशी: प्रिंटर, स्ट्रीम, टीसीपी, नोवेट, एलपी, मग /यूएसआर/लिब/कप्स/डीमन/कप्स-एलपीडी हा मार्ग, मग पुन्हा कप्स-एलपीडी आणि शेवटी '-ओ डॉक्युमेंट-फॉरमॅट=ॲप्लिकेशन/ऑक्टेट-स्ट्रीम'. यातला 'प्रिंटर' हा शब्द तुमच्या प्रिंटरचं नाव नव्हे. /ईटीसी/सर्व्हिसेस फायलीत ५१५ ला दिलेलं ते नाव आहे, तसंच राहू द्या. फेडोरा-रेडहॅटच्या कुळात कप्स-एलपीडी पॅकेज घालून कप्स-एलपीडी डॉट सॉकेट चालू केलं की तेच काम होतं. ओळीच्या शेवटचा तो लांबलचक पर्याय गाळू नका. का, ते पुढच्या उत्तरात आहे.

आता परवानगी. कप्स-एलपीडी कोण आलंय हे तपासत नाही, येईल त्याचा जॉब घेतो. म्हणून राखण फायरवॉलनेच करायची: ५१५ फक्त एक्सपीच्या पत्त्यासाठी उघडा, बाकी जगाला बंद. एक्सपीची स्वतःची फायरवॉल बाहेर जाणारं काही अडवत नाही, ती बंद करायची गरज नाही. ज्या यंत्रासाठी सुरक्षेचे पॅच कधीच थांबले, त्याची फायरवॉल उघडी टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नये. तेच यंत्र इंटरनेटलाही जोडू नये.

तिसरी गोष्ट क्यूचं नाव. सर्वांत जास्त जॉब इथे अडकतात. एक्सपीत प्रिंटर जोडताना 'लोकल प्रिंटर' निवडायचा, 'नेटवर्क प्रिंटर' नाही. मग 'क्रिएट अ न्यू पोर्ट' मध्ये 'एलपीआर पोर्ट' घ्यायचा. तो यादीत दिसत नसेल तर ॲड-रिमूव्ह प्रोग्रॅम्समधून विंडोज कंपोनंट्स, त्यात 'अदर नेटवर्क फाईल अँड प्रिंट सर्व्हिसेस', त्यात 'प्रिंट सर्व्हिसेस फॉर युनिक्स' असं जाऊन तो घालावा लागतो; एक्सपीची सीडी हाताशी ठेवा. मग दोन रकाने येतात. वरच्यात सर्व्हरचा पत्ता. खालच्यात लोक प्रिंटरचं मॉडेल लिहितात, आणि घोळ होतो. तिथे सर्व्हरवरच्या क्यूचं नाव लागतं, 'एलपीस्टॅट -पी' दाखवेल ते, अक्षर न् अक्षर.

नाव बरोबर आहे याची खात्री ड्रायव्हरला मध्ये न आणता करता येते. एक्सपीच्या कमांड प्रॉम्प्टवर 'एलपीक्यू -एस पत्ता -पी क्यू' द्या. एस आणि पी दोन्ही मोठे. क्यूची स्थिती आली की समजा नाव जुळलं. मग साधी मजकुराची फाईल 'एलपीआर -एस पत्ता -पी क्यू फाईल' अशी पाठवा. ती छापली गेली तर तिन्ही टप्पे पार झाले.

चौथा टप्पा ड्रायव्हरचा. प्रिंटरला लागणाऱ्या भाषेत रूपांतर एकाच ठिकाणी व्हावं, एक्सपीत किंवा सर्व्हरवर. दोन्हीकडे झालं किंवा कुठेच झालं नाही तर कागद वाया. तुमचा प्रिंटर सर्व्हरवरून नीट छापतोय, म्हणजे सर्व्हरला त्याची भाषा येते. तेव्हा एक्सपीला पोस्टस्क्रिप्ट ही पानाचं वर्णन करणारी भाषा बोलायला लावा. जेनेरिक कंपनीखालचा 'एमएस पब्लिशर इमेजसेटर' हा ड्रायव्हर एक्सपीच्या पोतडीतच आहे, बाहेरून काही आणायला नको. त्याचा कागद ए-४ करायला विसरू नका. लेटर राहिला तर तक्त्याच्या खालच्या ओळी जातात आणि दोष सॉफ्टवेअरवर येतो.

'एलपीआर पोर्ट' ऐवजी 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' वापरून त्यात एलपीआर निवडलं तरी चालतं. मात्र तिथला 'एलपीआर बाइट काउंटिंग एनेबल्ड' हा चौकोन टिचकवा. तो रिकामा असताना विंडोज जॉबचा खरा आकार न मोजता अवास्तव मोठा आकडा आधी कळवतं. युनिक्सच्या बीएसडी कुळातला एलपीडी डिस्कवर तेवढी जागा आहे का बघतो आणि जॉब परत लावतो.

प्रश्न: जुन्या मॅकवर (ओएस ९) डीटीपीचं काम चालतं. डेस्कटॉप प्रिंटर युटिलिटीतून लिनक्सच्या कप्स सर्व्हरला एलपीआरने जोडला. जॉब जातो, पण प्रिंटरमधून पानामागून पान इंग्रजी कोड छापला जातो. पहिल्या पानाच्या डोक्यावर टक्का, उद्गारचिन्ह आणि 'पीएस-ॲडोब-३.०' असं असतं. (पुणे)

उत्तर: हे पोस्टस्क्रिप्ट आहे. तुमच्या प्रिंटरला ते कळत नाही आणि सर्व्हरने ते न उलगडता तसंच पुढे ढकललंय. आधी प्रिंटर बंद करून कागद काढून घ्या, नाहीतर पाच पानांच्या मजकुराला रीम संपेल. सर्व्हरवर 'कॅन्सल -ए' दिलं की उरलेला जॉब जातो.

कारण समजायला एलपीडीची रचना थोडी बघू. प्रत्येक जॉबसोबत दोन फायली जातात. एक डेटाची, तिचं नाव 'डीएफए' ने सुरू होतं. दुसरी चिठ्ठीसारखी नियंत्रण फाईल, तिचं नाव 'सीएफए' ने. चिठ्ठीतल्या प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर अर्थ ठरवतं: मोठा एच म्हणजे पाठवणारं यंत्र, मोठा पी म्हणजे वापरकर्ता. डेटाचं काय करायचं हे छोट्या अक्षराने सांगितलं जातं. एफ म्हणजे साधा मजकूर, नेहमीच्या फिल्टरमधून (डेटा प्रिंटरच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रॅममधून) जाऊ दे. एल म्हणजे नियंत्रणाचे बाइट काढू नकोस, आहे तसं छाप.

कप्स-एलपीडी हे एल अक्षर शब्दशः घेतो. चिठ्ठीत एल दिसला की जॉबला 'रॉ' असा शिक्का मारतो, आणि मग कप्स आपलं एकही फिल्टर लावत नाही. ऑक्टेट-स्ट्रीमचा पर्याय दिला की हा शिक्का पडत नाही आणि कप्स फायलीची सुरुवात पाहून प्रकार स्वतः ओळखतं. पहिली दोन अक्षरं टक्का आणि उद्गारचिन्ह असली की पोस्टस्क्रिप्ट, म्हणजे ते उलगडणाऱ्या गोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रॅमकडे रवानगी. इनेटडी किंवा सॉकेटच्या व्याख्येत तो पर्याय घाला, सेवा पुन्हा सुरू करा आणि एक पान पाठवून बघा.

या पर्यायाच्या नावाने पुष्कळ जण फसतात. ऑक्टेट-स्ट्रीम म्हणजे 'कच्चा डेटा' असं वाटून लोक तो काढून टाकतात, आणि त्यामुळेच छपाई कच्ची होते.

पर्याय घालूनही कोडच आला तर क्यू रॉ आहे का तपासा. कप्सच्या वेबपानावर ड्रायव्हरच्या जागी 'लोकल रॉ प्रिंटर' दिसलं तर फिल्टर लागणारच नाही. त्याच प्रिंटरसाठी ड्रायव्हरसकट दुसरी क्यू करा आणि मॅकला तिचं नाव द्या. कप्सऐवजी जुना एलपीडी आणि हाताने लिहिलेलं फिल्टर वापरणाऱ्यांसाठी आणखी एक खाच: विंडोजचे काही पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हर टक्क्याच्याही आधी कंट्रोल-डी हा न दिसणारा बाइट पाठवतात. फिल्टर फक्त पहिली दोन अक्षरं बघत असेल तर त्याला हा मजकूर वाटतो. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये 'सेंड कंट्रोल-डी बिफोर ईच जॉब' ला 'नो' करा. कप्सला हा बाइट ओळखता येतो.

प्रश्न: आमच्याकडे उलटं आहे. प्रिंटर विंडोज २००० च्या यंत्राला जोडलेला, त्यावर टीसीपी/आयपी प्रिंट सर्व्हर चालू. फ्रीबीएसडीवरून पाठवलेलं पोस्टस्क्रिप्ट कोड म्हणून छापलं जातं. प्रिंटर पोस्टस्क्रिप्टचाच आहे. (नाशिक)

उत्तर: रोग तोच, फक्त गाडी उलट दिशेने आली. विंडोजचा एलपीडी चिठ्ठीत एफ दिसला की जॉबला 'टेक्स्ट' प्रकार देतो, एल दिसला तर 'रॉ'. फ्रीबीएसडीचा एलपीआर काही न सांगता एफ लिहितो. 'एलपीआर -एल' असं पाठवा (एल छोटा), काम होईल. दर वेळी ते आठवणीने देणं शक्य नसेल तर विंडोजच्या रजिस्ट्रीत एलपीडीएसव्हीसी या सेवेच्या पॅरामीटर्समध्ये 'सिम्युलेटपासथ्रू' नावाचं डीवर्ड मूल्य १ करा आणि सेवा पुन्हा सुरू करा.

युनिक्स बाजूला कप्स असेल तर डिव्हाइसच्या पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन 'फॉरमॅट=एल' लिहिता येतं. पलीकडचा सर्व्हर आधी डेटा मागणारा असेल तर तिथेच 'ऑर्डर=डेटा,कंट्रोल', आणि ७२१ ते ७३१ याच पोर्टांवरून आलेली जोडणी घेणारा असेल तर 'रिझर्व्ह=आरएफसी११७९'.

विंडोजच्या कमांडवरून उलट दिशेने पोस्टस्क्रिप्ट किंवा पीआरएन (प्रिंटरच्या भाषेत आधीच तयार केलेली) फाईल पाठवताना 'एलपीआर' ला '-ओ एल' जोडावं लागतं. इथे ओ छोटा आणि पुढचं अक्षर छोटा एल आहे, एक आकडा नव्हे. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात.

प्रश्न: युनिक्सवरून डॉट मॅट्रिक्सवर यादी पाठवली की पहिली ओळ बरोबर, दुसरी उजवीकडे सरकून, तिसरी आणखी उजवीकडे, मग कागदाबाहेर. (इचलकरंजी)

उत्तर: हा जिना युनिक्सच्या घरचाच आहे. तिथे ओळ संपल्याची खूण एकच, लाइन फीड. प्रिंटर त्याचा अर्थ अक्षरशः घेतो: कागद एक ओळ वर सरकव. हेड डाव्या कडेला आणायला कॅरेज रिटर्न लागतो, तो युनिक्स पाठवत नाही, डॉस-विंडोज पाठवतात.

डॉट मॅट्रिक्सवर सोपा उपाय म्हणजे 'ऑटो लाइन फीड' ला हात न लावता युनिक्सकडून कॅरेज रिटर्न घालणं. ऑटो लाइन फीड हे सेटिंग याच्या नेमकं उलटं काम करतं, कॅरेज रिटर्न आला की लाइन फीड जोडतं. ते चालू केलं तर जिना तसाच राहतो आणि विंडोजवरून येणारी छपाई मात्र एक ओळ सोडून एक होते. प्रिंटकॅप या एलपीडीच्या सेटिंग फायलीत 'आयएफ=' पुढे एका छोट्या शेल स्क्रिप्टचा मार्ग द्या; स्क्रिप्टमध्ये 'युनिक्स२डॉस' किंवा एडब्ल्यूकेने प्रत्येक ओळीच्या शेवटी रिटर्न जोडा. स्क्रिप्टला ७५५ परवानगी द्या. ती नसेल तर जॉब क्यूतून नाहीसा होतो, कागदावर काहीच येत नाही, आणि कारण फक्त 'एलएफ=' ने दिलेल्या लॉग फायलीत सापडतं.

पीसीएल ही एचपीची प्रिंटर-भाषा समजणारा लेसर असेल तर स्क्रिप्टने सुरुवातीला एस्केप, अँपरसँड, छोटा के, २, मोठा जी एवढे पाच बाइट पाठवले की पुरे. मग प्रिंटर स्वतःच लाइन फीडसोबत रिटर्न धरतो. प्रिंटरमध्ये एचपीचं जेटडायरेक्ट नेटवर्क कार्ड असेल तर स्क्रिप्टही नको. प्रिंटकॅपच्या 'आरपी=' मध्ये 'रॉ' ऐवजी 'टेक्स्ट' ही क्यू लिहा, कार्ड रिटर्न घालतं. पण मग त्या क्यूवर चित्रं किंवा पोस्टस्क्रिप्ट पाठवू नका, त्यातही रिटर्न घुसतात.

प्रत्येक जॉबमागे एक कोरं पान येत असेल तर प्रिंटकॅपमध्ये 'एसएफ' घाला. पाठवणाऱ्याच्या नावाचं वेगळं पान आधी येत असेल तर 'एसएच'.

प्रश्न: मोठा अहवाल नेहमी साधारण १ एमबीच्या आसपास तुटतो. (अकोला)

उत्तर: प्रिंटकॅपमध्ये 'एमएक्स#०' लिहा. जुन्या बीएसडीत ही मर्यादा न सांगता १००० ब्लॉकची धरलेली असते. शून्य म्हणजे मर्यादा नाही. तरीही तुटलं तर /व्हार कुठवर भरलंय ते 'डीएफ' ने बघा.

प्रश्न: एनटी ४ वरून एकापाठोपाठ लहान बिलं पाठवतो. दहा-अकरा पटापट निघतात, मग चार मिनिटं सगळं ठप्प, मग आपोआप पुन्हा सुरू. (औरंगाबाद)

उत्तर: आरएफसी ११७९ प्रमाणे पाठवणाऱ्याने ७२१ ते ७३१ यांपैकीच एखाद्या पोर्टवरून जोडणी करायची असते. मोजा, ते ११ होतात. जोडणी बंद झाली तरी टीसीपी तो पोर्ट लगेच सोडत नाही. विंडोज न सांगता २४० सेकंद धरून ठेवतं. म्हणजे अकरा बिलांनंतर पोर्ट उरतच नाही आणि पहिला मोकळा व्हायला चार मिनिटं जातात. प्रिंटर, केबल, स्विच सगळं निर्दोष.

मूळ एनटी ४ चं हे वागणं नंतरच्या सर्व्हिस पॅकमध्ये बदललं, पोर्टांचा पट्टा वाढवला गेला. तेव्हा आधी सर्व्हिस पॅक बघा. ते जमत नसेल तर सॉफ्टवेअरमधून बिलं गठ्ठ्याने एका जॉबमध्ये पाठवा. प्रिंटरला स्वतःचं नेटवर्क कार्ड असेल तर एलपीआर सोडून थेट ९१०० पोर्टवर जा, तिथे हे बंधनच नाही.

मध्ये राउटर असेल तर याच नियमाचा दुसरा चटका बसतो. राउटर पत्ता बदलताना उगमाचा पोर्टही बदलून १०२४ च्या वर नेतो, आणि कडक बीएसडी एलपीडी 'मालफॉर्म्ड फ्रॉम ॲड्रेस' म्हणून जोडणी तोडतो. अशा सर्व्हरवर टेलनेटने चाचणी केलीत तरी हाच संदेश येईल, कारण टेलनेटही वरच्या पोर्टवरूनच जातं. त्याने घाबरू नका. पोर्ट ५१५ उघडा आहे एवढं त्यातून सिद्ध होतं. 'युअर होस्ट डझ नॉट हॅव लाइन प्रिंटर ॲक्सेस' असा संदेश आला तर मात्र /ईटीसी/होस्ट्स डॉट एलपीडी मध्ये जुन्या यंत्राचं नाव घाला, आणि तेच नाव पत्त्यासकट /ईटीसी/होस्ट्स मध्येही. एलपीडी पत्त्यावरून नाव शोधतो. नावच सापडलं नाही तर पहिल्या फायलीतली नोंद कामाला येत नाही.

प्रश्न: फॉक्सप्रोचं डॉसमधलं बिलिंग एक्सपीवर चालतं. ते फक्त एलपीटी१ ओळखतं. सांबा (विंडोजशी फायली आणि प्रिंटर वाटून घेणारं युनिक्सवरचं सॉफ्टवेअर) सर्व्हरवरच्या प्रिंटरला 'नेट यूज' ने जोडला होता. सर्व्हर नवा केल्यापासून जोडतच नाही. (लातूर)

उत्तर: एक्सपीला एसएमबी या विंडोजच्या फाईल-प्रिंटर वाटण्याच्या प्रोटोकॉलची पहिली आवृत्तीच येते. सांबा ४.११ पासून (२०१९) ती मुळात बंद असते. एसएमबी डॉट कॉन्फच्या ग्लोबल भागात 'सर्व्हर मिन प्रोटोकॉल = एनटी१' लिहा. त्यानंतर पासवर्ड नाकारला जाईल, कारण नवा सांबा एनटीएलएम या पासवर्ड तपासण्याच्या पद्धतीची दुसरी आवृत्ती मागतो. इथे सांबा ढिला करू नका, एक्सपीला सुधारा: लोकल सिक्युरिटी पॉलिसीत 'लॅन मॅनेजर ऑथेंटिकेशन लेव्हल' ला 'सेंड एनटीएलएमव्ही२ रिस्पॉन्स ओन्ली' करा. होम आवृत्तीत हे पान नाही. तिथे रजिस्ट्रीत एलएसए खाली 'एलएमकम्पॅटिबिलिटीलेव्हल' ३ करा. एसएमबीची पहिली आवृत्ती असुरक्षित आहे, म्हणून त्या सर्व्हरवर दुसऱ्या महत्त्वाच्या फायली ठेवू नयेत.

यंत्राला खराखुरा एलपीटी१ असेल तर साध्या वापरकर्त्याला त्याच नावाची जोडणी करू देत नाही. बायोसमध्ये पॅरलल पोर्ट बंद करा, किंवा सॉफ्टवेअरला चालत असेल तर एलपीटी२ वापरा. आज्ञेच्या शेवटी '/पर्सिस्टंट:येस' द्या.

बिल प्रोग्रॅम बंद केल्यावरच छापलं जातं अशी पुढची तक्रार येईलच. डॉसचा प्रोग्रॅम छपाई संपल्याचं सांगत नाही. विंडोज थोडा वेळ वाट बघतं आणि मग जॉब सोडतं. रजिस्ट्रीत कंट्रोलखालच्या वॉव या किल्लीत 'एलपीटी_टाइमआउट' असतं, १५ सेकंद. ते ३ वर आणा. त्याहून कमी केलं तर लांब बिलाच्या मध्येच प्रोग्रॅम हिशेबाला थांबला की एका बिलाचे दोन जॉब होतात.

प्रश्न: युनिकोडमध्ये लिहिलेली मराठी मजकुराची फाईल 'एलपीआर' ने पाठवली की चिन्हांचा गोंधळ छापला जातो. (मडगाव)

उत्तर: रॉ क्यूवर गेली तर प्रिंटर स्वतःच्या पोटातले फॉन्ट वापरतो, त्यांत देवनागरी नाही. फिल्टरच्या क्यूवर गेली तरी कप्सचं मजकुराचं फिल्टर वेलांट्या आणि जोडाक्षरं जुळवत नाही. लिबरऑफिसला 'एसऑफिस --हेडलेस --कन्व्हर्ट-टू पीडीएफ' असं चालवून पीडीएफ करून घ्या आणि ती पाठवा. अक्षरांची जुळणी तिथेच होऊन जाते. एक्सपीवरून ड्रायव्हरमार्फत पाठवताना ही अडचण येत नाही, ड्रायव्हर अक्षरांचे आकारच पाठवतो.